पणजोबांची तिकडची मुलं

मरोळ, मंगळवार संध्याकाळ

आयर्लंडमध्ये जुन्या घराण्यांच्या नोंदी शोधून देणाऱ्या बाईंचा मेल आला. पणजोबा तिथले चांदीचे कारागीर, एवढंच आम्हाला माहीत होतं. घरातल्या चांदीच्या चमच्यावर त्यांचा शिक्का आहे, त्याचा फोटो मी बाईंना पाठवला होता. शिक्का तिथल्या नोंदीशी जुळला. पण मुंबईला येताना ते तिथे बायको आणि दोन मुलं टाकून आले होते! बाबा तर आपल्या या आजोबांना देव मानतात. सांगू की नको? बाबांना चहा दिला, तर त्यात साखरच घालायची विसरले.

"काय गं, काय झालं?"

शेवटी वाचून दाखवलं. बाबांनी तो चमचा हातात घेतला आणि शिक्क्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं, आता चिडणार.

"त्या मुलांची नातवंडं असतील ना?" ते म्हणाले. "विचार, माझ्याशी बोलतील का."