आमच्या घरी यंदा नाताळ नाही

छत्रपती संभाजीनगर,
१९ डिसेंबर

प्रिय तात्यामामांस,

पुंडलिकचा ख्रिस्तात सलाम. मामींचे गुडघे आणि गंगापूरची थंडी, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे (म्हणजे कुणी आजारी नाही, एवढंच).

घडलं ते असं. गेल्या महिन्यात चर्चच्या सभेत नाताळाच्या रोषणाईवरून खल चालला होता. मी उठलो (बसून राहिलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं) आणि विचारलं, पंचवीस डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कुठं आहे? हा सण पाळा, अशी आज्ञा तरी कुठं आहे? सगळे शास्त्र उघडून पानं उलटू लागले. ते पाहून मला चढली आणि यंदा आमच्या घरी नाताळ नाही, असं मी जाहीर करून बसलो.

वाटलं, घरी लक्ष्मी भांडेल. पण ही आपली भाचेसून खुशाल हो म्हणाली! करंज्या नाहीत, शेव नाही, चिवडा नाही. फक्त दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाचे आलेले नऊ डबे तिनं ओट्यावर ओळीनं मांडले. दरवर्षी ते आम्ही नाताळाच्या फराळानं भरून परत करतो. रिकामा डबा द्यायची आपल्यात रीत नाही, आणि भरायला घरात काही नाही. शेजारचे कारभारी (मूळचे फुलंब्रीचे) चौकशीला आले, तेव्हा त्यांनाही मी तारखेचा मुद्दा समजावला. ते म्हणाले, "पुंडलिकराव, तुमची जन्मतारीख एक जून, माझी बी एक जून. दोन्ही मास्तरनं अंदाजानं लिवल्या. मंग आपुन काय जल्मलोच नाय व्हय?" आत लक्ष्मीला हसून हसून ठसका लागला.

काल संध्याकाळी कॅरल गाणारे गल्लीत आले. मी नवा स्वेटर घालून दाराआड उभा होतो (सहजच). माझ्या तत्त्वाचा मान राखून ते आमचं घर सोडून पुढं गेले. मामा, मला फार वाईट वाटलं. प्रभू जन्मला म्हणून गाणाऱ्यांना मीच दारावरून घालवलं.

तरीही माझं मत ठाम आहे.

आपला भाचा,
पुंडलिक

ता. क. : आपण वडीलधारे. आपल्या शब्दापुढं माझं मत ते काय! 'मुकाट्यानं नाताळ कर' असं खरमरीत पत्र मला लिहावं. फोन नको, तो चारचौघांत वाचून दाखवता येत नाही.

आणखी एक : पत्र पंचवीस तारखेनंतर पोचलं तरी हरकत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी नाताळ करू, तारखेला शास्त्राधार नाहीच. तरीपण होता होईल तो स्पीड पोस्टानं पाठवावं.