हात येईपर्यंत

९ सप्टेंबर

तैवानच्या पार पूर्व किनाऱ्याला, ताईतुंगला पोचले एकदाची! एका बॅगेत कपडे, दुसरीत आईने कोंबलेला खाऊ. शाळेतली व्हॉलीबॉल शिकवायची बरी चाललेली नोकरी सोडून मी तिशीत पुन्हा विद्यार्थिनी होणार म्हटल्यावर मामांनी कपाळाला हात लावला होता. लोकांचे पाय चेपायला एवढं मोठं शिक्षण लागतं होय, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. आईने मात्र माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, यी-चेन, तुझ्या हाताला गुण आहे, माझ्या कंबरेला विचार हवं तर. तेवढ्यावर मी निघाले. खोली झकास आहे, खिडकीतून समुद्राचा तुकडा दिसतो. वर्गातल्या तिंग-काईने बॅग वर आणून दिली आणि लगेच सुनावलं की, भौतिकोपचार शिकताना दुसऱ्याची कंबर सरळ होते, आपली मोडते. हा पोरगा वर्षभर डोकं खाणार असं दिसतंय.

१७ सप्टेंबर

विच्छेदनाचे तास सुरू होण्याआधी गुरुजींच्या घरी जाऊन यायचं असतं. ज्याने मरताना आपला देह कॉलेजला दिला, तो आमचा गुरुजी. त्यांच्या फोटोला उदबत्ती लावायची, घरच्यांकडून त्यांच्याबद्दल ऐकायचं. मला आणि तिंग-काईला लिआओ गुरुजी मिळाले. सीताफळाचे बागायतदार. बहर आला की कुंचला घेऊन शिडीवर चढायचं आणि फुलाफुलाला हाताने पराग लावायचा, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. मग पक्षाघाताने तोच उजवा हात गेला. त्यांची बायको, लिआओ काकू, सांगत होत्या, माणसाने पुढे मरेपर्यंत एक दिवस व्यायाम चुकवला नाही, पण बोट हललं नाही. तुमच्यासारखी शिकाऊ पोरं यायची, गोड बोलायची, “काका, हात येईपर्यंत आपण सोडायचं नाही” म्हणायची, आणि त्यांची मुदत संपली की जायची. हे दर वेळी दाराकडे बघत बसायचे.

काकूंचे डोळे भरले आणि मला राहवेना. मी फोटोकडे बघून म्हणाले, “गुरुजी, मी नाही सोडणार. हात येईपर्यंत.”

काकूंनी डोळे पुसले, देव्हाऱ्यातून चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी ठोकळे काढले आणि फरशीवर टाकून कौल लावला. एक पालथा, एक उताणा. म्हणजे गुरुजींना मान्य. परतताना डिकीत मावेनात इतकी सीताफळं दिली. तिंग-काई म्हणाला, मेलेला पेशंट मिळवणारी तू जगातली पहिलीच. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

६ ऑक्टोबर

पहिला तास. आधी गुरुजींना वाकून नमस्कार. शू मॅडमचा नियम असा की, जिवंत पेशंटशी जसं बोलाल तसंच गुरुजींशी बोलायचं. मी आता तुमचा हात उचलणार आहे, घाबरू नका, दुखलं तर सांगा. एक हात कोपराखाली, एक मनगटाला. हे वाक्य आणि ही पकड झोपेतसुद्धा चुकता कामा नये, म्हणाल्या. शेवटी मी सरावासाठी ताकदही तपासली. आमच्यात ताकदीला शून्य ते पाच गुण देतात: शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे नुसती थरथर, पाच म्हणजे धडधाकट. मी गंभीरपणे जाहीर केलं की शून्य, आणि तिंग-काईला हसू आवरेना. मॅडमने डोळे वटारले. पण मला छान वाटलं. योग्य जागी आल्यासारखं वाटलं.

२० ऑक्टोबर

आज गुरुजींच्या दंडाचा मोठा स्नायू मी हाडापासून सोडवला आणि ताटात ठेवला. हात स्वच्छ चालला, मॅडमने कौतुक केलं. झाकायच्या आधी सवयीने म्हणाले, गुरुजी, कोपर वाका बघू. बोटांखाली बारीकशी थरथर लागली. एक गुण! माझाच हात दमला असणार, उभं राहून राहून. जेवताना चॉपस्टिक दोनदा निसटल्या, यावरूनही तिंग-काईने पिडलं.

३ नोव्हेंबर

हे लिहायला नको वाटतंय. आज गुरुजींचं कोपर वाकलं. थोडंसंच. पण मी स्वतः तो स्नायू कापलाय, तो ताटात पडलेला मला समोर दिसत होता. मग कोपर कशाने वाकलं? मी सांगितलेलं नव्हतं, नुसती पकड घेतली होती. तिंग-काई पाठमोरा होता, त्याला म्हटलं तर म्हणाला, झोप काढ.

वसतिगृहावर येऊन माझी ताकद मीच तपासली. उजवा हात, चार. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या बाईचा हात चार!

१४ नोव्हेंबर

इस्पितळात दाखवलं. नसा उत्तम, स्नायू उत्तम, मणका उत्तम. डॉक्टरांना कौतुकच वाटलं इतकं सगळं उत्तम. ताण घेऊ नका म्हणाले. बाटलीचं झाकण उघडत नाही. मला भीती वाटते, खरंच वाटते. हात गेला तर माझ्याकडे दुसरं काय आहे?

शू मॅडमना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. दुसरं टेबल दिलं आणि गुरुजींचा उजवा हात तिंग-काईकडे.

२१ नोव्हेंबर

टेबल बदलून काही फरक नाही. माझा हात दोन. टेबलावरून उचलवत नाही, नुसता सरकतो.

तिंग-काई आता चेष्टा करत नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलला. म्हणे तो गुरुजींना नीट झाकून जातो, आणि रोज सकाळी उजवा हात चादरीबाहेर असतो. तळवा वर. तपासायला पुढे केल्यासारखा. आज त्याने पकड घेतली तर त्या हाताने त्याला बाजूला केलं. हळूच, म्हणाला, वडीलधारं माणूस करतं तसं. “त्यांना मी नकोय गं. ते दाराकडे हात करून होते.”

३० नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लहान मुलासारखं.

काकूंकडे गेले होते. शब्द परत घेते म्हणाले, पाया पडले. काकूंनी कौल लावला. दोन्ही पालथे. नाही. पुन्हा लावला, नाही. मी रडून विनवलं म्हणून पुन्हा. नाही.

म्हणाल्या, पोरी, मी काय करू? तू बोललीस, त्यांनी ऐकलं. मग माझा लोंबता हात त्यांनी मांडीवर घेतला. हल्ली गुरुजी स्वप्नात येतात म्हणे, शिडीवर, कुंचला घेऊन. हात असा चालतो की बघत राहावं. हे सांगताना त्यांना हसू लपवता येईना. मला सीताफळ फोडता येईना, तर त्यांनीच गर काढून चमच्याने भरवला. मी खाल्ला.

६ डिसेंबर

प्रात्यक्षिक परीक्षा. पेशंट म्हणून तिंग-काईच झोपला होता. त्याचा पाय उचलायचा होता, तेवढंच — उचलवला नाही. तो चोरून स्वतःच उचलत होता माझ्यासाठी. मॅडमच्या लक्षात आलं. घरी जा म्हणाल्या, यंदा नको. दोघीही रडलो.

आई पुढच्या शनिवारी न्यायला येतेय. तिला हात मुरगळलाय एवढंच सांगितलंय.

१० डिसेंबर

तिंग-काईचा फोन. त्याने तपासलं. गुरुजींचा हात पाच.

माझा शून्य. आता मिळालं ना त्यांना — आला ना हात — संपलं असेल. संपायला हवं.

११ डिसेंबर

नाही संपलं. डावा अंगठा —

पेन तीन बोटांत कसंबसं

१२ डिसेंबर

दुपार. ऊन आहे. दाराला कडी मीच लावलीय — आणि औषधाचा वास, विच्छेदनाच्या हॉलचा —

वळून बघणार नाही

कोपराखाली एक हात. मनगटाला एक. थंड. पकड अगदी बरोबर, शिकवलेली —

तपासतात. शून्य, म्हणतात. असू दे पोरी, म्हणतात

म्हणतात मी नाही सोडणार. हात येईपर्यंत

आई उद्या —

आता डावा उचलणार आहेत. आधी सांगतात, घाबरू नकोस, दुखलं तर सां