गॅस जातो कुठे?

४ मार्च
– मी खिडकीच्या काचा पुसत होते, शेगडीवर दूध होतं. हे चहाचा कप घेऊन मागे उभे. "एसी थंडी तयार करत नाही गं. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच."
"म्हणजे मी केर काढते तसं."
हसले. "अगदी तसंच." तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या सकाळचं एवढंच आठवतं. आज ह्यांना जाऊन सात महिने झाले.

६ मार्च
आमच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात फोन घ्यायला बसते. दुरुस्तीला भाऊजी जातात. गिऱ्हाइकाने काही विचारलं की मी नुसती "सांगते" म्हणते. लाज वाटते. म्हणून ह्यांच्या कपाटातलं नवशिक्यांचं पुस्तक काढलं.
कॉम्प्रेसर – गॅस दाबून पुढे ढकलतो. कंडेन्सर – बाहेरची जाळी. तिथे गॅस उष्णता सोडतो, द्रव होतो. इव्हॅपोरेटर – आतली जाळी. तिथे खोलीतली उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. मग परत कॉम्प्रेसर.
आणि टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे! टनभर बर्फ एका दिवसात वितळायला लागते तेवढी उष्णता ओढून घ्यायची ताकद. भाऊजींना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का?"

७ मार्च
काही वाचलं नाही. ह्यांचे शर्ट धुतले, घड्या घालून परत तिथेच ठेवले.

९ मार्च
पान बावीस. गॅस खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधावी.
तीनदा वाचलं. कारण सकाळीच निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला होता. "यंदाही गॅस संपलेला दिसतोय हो. पाठवता का दिरांना? ह्यांचा जीव घाबरा होतो." त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत.

१० मार्च
भाऊजींना विचारलं. म्हणाले, "उन्हाळ्यात उडतो गॅस."
"बंद नळीतून?"
पान्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "गळती बुजवली तर पुढच्या वर्षी बोलावणार कोण? आणि माझ्याकडे असं बघू नका. बाईंच्या घरचं काम दादाचं. मी नुसतं पुढे चालवतोय."
खोटं बोलत असावेत. असावेत, असं फार वाटलं.

११ मार्च
ह्यांची कामाची वही काढली. बाईंच्या घरी पाच उन्हाळे. पाचही वेळा दोनच शब्द – गॅस भरला. दुसरीकडे मात्र "जोड झाळला", "नळी बदलली". म्हणजे गळती बुजवता येत होती. इथेच बुजवली नाही. बाई आजाऱ्यापाशी अडकलेल्या, कधी उलटून विचारायच्या नाहीत, म्हणून?
कुणाची विसरलेली छत्री परत द्यायला तीन गल्ल्या तुडवणारा माणूस! रडू आलं नाही. राग आला. पण तो काढायचा कुणावर, फोटोवर?
भाऊजी दारातून म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव घालवू नका, वहिनी. त्याच्याच नावावर दोन्ही घरं जेवतात." तेही खरंच आहे.
जेवण गेलं नाही.

१३ मार्च
काल भाऊजींना घेऊन बाईंकडे गेले. जोडांना साबणाचं पाणी लावायला सांगितलं. एका जागी फुगे आले. तो जोड झाळून घेतला, गॅस भरला, खोली गार झाली. मग बाईंच्या समोर बसले आणि सांगितलं, गॅस कधीच संपत नव्हता, आणि माझ्या नवऱ्याला ते ठाऊक होतं.