जर्मनचा टोप

महाड,
ता. ८ डिसेंबर

तीर्थस्वरूप आवडीआत्यास,

किशोरचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या भाचेसुनेने, स्नेहलने तेल काढून ठेवलंय, शिवथरच्या गाडीवर कुणी ओळखीचं भेटलं की पाठवते. मी सकाळी चवदार तळ्यापर्यंत फिरून येतो. निवृत्त मास्तराला दुसरं काम ते काय!

हे पत्र ऋतिका तुला वाचून दाखवेल. ऋतिका, आजीला सगळं वाच. मध्येच "काय नाय गो, नमस्कार सांगितलाय" म्हणून गुंडाळू नकोस.

आत्या, माझ्या पुस्तकाच्या कार्यक्रमातून तू न जेवता गेलीस. गडबडीत मला दिसलं नाही.

हे खोटं लिहिलं. दिसलं होतं. तू दाराशी चपला शोधत होतीस आणि मी पाहुण्यांना हार घालत होतो.

परवा ऋतिकाला फोन करून विचारलं, यंदा राखण कधी देताय? तर पोरगी चाचरत म्हणाली, "आजी म्हनते, तुमचा मूळपुरुष जर्मन साहेब हाय ना, त्याला कोंबडा नि भात चालंल का केक लागंल, ते आधी पुस्तकात बघून सांगा." मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र स्नेहलसमोर मान वर करवेना. शेत राखणाऱ्या ज्या मूळपुरुषाला, आपल्या राखणदाराला, साठ वर्षं तू न चुकता बांधावर भात ठेवलास, त्याच्यापुढे यायचं मला आमंत्रण नाही, आणि ते बरोबरच आहे.

सुरुवात माझ्या लहानपणी शाळेत झाली. पोरं विचारायची, तुमच्या घराला जर्मनाचं घर का म्हणतात रे? खरं कारण तुझ्या वाडीत शेंबडं पोरही सांगेल. माझे आजोबा, तुझे वडील मालोजी, डोक्यावर टोपली घेऊन ॲल्युमिनियमची भांडी विकायचे. त्या भांड्यांना आपल्याकडे जर्मन म्हणतात, म्हणून विकणाराही जर्मन झाला. एका पावसाळ्यात वाडीत अडकले, ते तिथलेच झाले. दगड काढून काढून डोंगराच्या अंगावर पहिली खाचरं त्यांनी पाडली. पण मला फेरीवाला आजोबा नको होता. आपल्या घरात घारे डोळे आहेतच. मी ठोकून दिलं, आमचा मूळपुरुष जर्मनीहून आलेला शेतकरी होता.

पोरवयातली थाप तिथेच मरायला हवी होती. मी तिला निवृत्तीनंतर पुस्तकात घातलं. हेर्मान असं नाव दिलं. तो गलबतातून उतरला, सावित्रीच्या काठाने वर आला, रान तोडून त्याने शेती केली! गलबताचं चित्रही छापलं. तुझ्या बापाच्या हातचे घट्टे मी एका गोऱ्याला देऊन टाकले, आत्या. आणि ऋतिकाने तेच शाळेच्या प्रकल्पात उतरवलं. पोरी, ते पान फाड.

त्या दिवशी तू एसटीने आलीस. भर सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "कसला साहेब रे किशोर? माझा बा डोक्यावर टोपली घेऊन जर्मनची भांडी इकायचा. ह्यो बघ त्याचा टोप. ह्याच्यावर बघ..."

लोक हसले. आणि मी माईकवर म्हणालो, "आत्याचं वय झालंय. तिला आता काही आठवत नाही."

तू टोप खुर्चीखालीच विसरून गेलीस. मला वाटलं, चारचौघांत माझी फजिती करायला आणला असशील. रागाने तो तसाच माळ्यावर टाकला. काल स्नेहलने खाली काढला. राखणीचा भात शिजून शिजून काळा पडलेला तो टोप तू राखेने लख्ख घासून आणला होतास. काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं होती:

"ची. कीशोर यास मालोजी जर्मन कडून."

मी जन्मलो तेव्हा ठोकलेली असणार, कारण माझ्या दुसऱ्या वर्षी आजोबा गेलेच. त्यांना भांड्यावर नाव घालण्यापुरतीच अक्षरं येत होती, हे तूच सांगायचीस. दोन्ही वेलांट्या चुकल्यात. पस्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत अशा चुकांवर लाल रेघा ओढल्या. काल टोप मांडीवर घेऊन मी लहान पोरासारखा रडलो. स्वतःला जर्मन म्हणवून घ्यायची त्यांना लाज नव्हती. तू फजिती करायला आली नव्हतीस. माझ्या मोठ्या दिवशी माझी वस्तू मला द्यायला आली होतीस.

मी काय केलं ते आता तुझ्या वाडीला माझ्या तोंडून कळू दे. राखणीच्या दिवशी मी येणार, बोलावलं नाहीस तरी. उरलेली पुस्तकं बंबात घातली, वाटलेली मागून घेतोय. टोप घेऊन येतोय. सगळ्यांसमोर सांगेन की तुला सगळं आठवतं, विसरलो होतो तो मी. भात त्यातच शिजव. नको म्हणालीस तर टोप बांधावर ठेवून माघारी जाईन, पण माफी मागितल्याशिवाय जाणार नाही.

टोपलीवाल्या जर्मनाचा नातू,
कीशोर

(ऋतिका, वेलांटी चुकलेली नाही. आजीला तसंच सांग.)