खालच्या मशिदीचं दार

ता. ४ जानेवारी

ती. आपास,
सप्रेम सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. उरूस तोंडावर आलाय. दर्ग्याचं अंगण झाडणं, दिवे पुसणं, भाविकांच्या चपला सांभाळणं आणि वर अब्बांची बोलणी खाणं, सगळं सध्या माझ्याकडेच आहे.

काळजी वेगळीच आहे. दर्ग्याखाली खडकात कोरलेल्या मशिदीच्या छताला, मधल्या खांबाजवळ, चीर गेलीय. आधी नख जात नव्हतं, आता बोट जातं. सतरंजीवर रोज खडे सापडतात. इंजिनिअर पाहून गेला. टेकू लागेपर्यंत आत कुणाला सोडू नका म्हणाला. अब्बा म्हणतात, पीरबाबांनी स्वतः कोरलेला खडक आहे, तो त्यांच्या माणसांवर पडायचा नाही.

उरुसाला खाली पाय ठेवायला जागा नसते, तुला ठाऊकच आहे. दार बंद केलं तर अब्बा माझं तोंड पाहणार नाहीत, उघडं ठेवलं तर मलाच माझं तोंड पाहवणार नाही. फार थकलोय. तू असतीस तर बरं झालं असतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा


ता. १२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक दुवा, वि. वि.

लहानपणी त्या मशिदीत उतरताना मला पुढे घालून माझी ओढणी धरून यायचास. आताही तेच करतोयस, फक्त पत्रातून.

मी यायला हवं, पण तुझ्या मेहुण्यांचा पाय अजून प्लास्टरात आहे आणि हॉस्पिटलात रजा मिळत नाही. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं आमच्या वॉर्डात येतात. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, ते इतक्या वर्षांत मला जमलेलं नाही. दार बंद कर.

अब्बांशी मात्र वाद घालू नकोस. अम्मी गेल्यावर त्यांना त्या खडकाशिवाय आहेच कोण? वेळेवर जेवत जा.

तुझीच,
आपा


ता. २ फेब्रुवारी

ती. आपास,
सप्रेम सलाम, वि. वि.

दार लावलं. त्या दिवसापासून अब्बांनी अबोला धरला. ताट वाढलं तरी भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

उरुसाला गर्दी लोटली. एक ट्रक ड्रायव्हर आजारी बायकोला घेऊन लांबून आला होता. तो भडकला, मशीद तुझ्या बापाची आहे का म्हणाला. मागचे रेटू लागले. मी दाराला पाठ लावून समजावत राहिलो, पण घसा पार बसला होता.

तेवढ्यात अब्बा काठी टेकत आले आणि उंबऱ्यावर बसले. आता दार उघडायला लावणार, असंच मला वाटलं. पण ते म्हणाले, कुलूप मी लावलंय, काय बोलायचं ते मला बोला. बाबांनी हा खडक माणसांना टेकायला कोरला, पुरायला नाही. रेटणारे मागे सरले. नमाज अंगणातच झाली. सतरंज्या त्याच ड्रायव्हरने अंथरल्या.

गर्दी ओसरल्यावर अब्बांचे पाय दाबताना विचारलं, खोटं का बोललात? म्हणाले, म्हाताऱ्यावरचा राग लोक घरी जाईपर्यंत विसरतात. तुझ्यावर धरला असता, तर धरूनच बसले असते. तुला अजून इथे बरीच वर्षं काढायचीत.

माझं बरोबर होतं, असं काही म्हणाले नाहीत. ती बरीच वर्षं ऐकून मी हलका झालो की आणखी दमलो, मला कळेना. ते झोपल्यावरही पाय दाबत बसलो.

टेकूचं काम सुरू झालंय. मेहुण्यांना सलाम. आठवण ठेवतेसच, ती लिहून कळवत जा.

तुझा,
धाकटा