पाठ केलेला जबाब

४ फेब्रुवारी

अखेर रुजू झाले! बालन्यायालयातली नवी परिविक्षा अधिकारी. दादाला फोनवर किती समजावलं, तरी त्याचं आपलं एकच, म्हणजे तू वकील की पोलीस? अरे बाबा, दोन्ही नाही. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाच्या घरी जायचं, त्याला बोलतं करायचं आणि तो कसा वाढला ते कोर्टाला सांगायचं.

खोली कोर्टाच्या मागच्याच गल्लीत, माडीवर. खाली घरमालकीणबाई राहतात. मी नीट जेवते की नाही याची त्यांना माझ्या आईपेक्षा जास्त काळजी!

कोर्टही वेगळंच. न्यायाधीशबाई उंचावर बसत नाहीत, साध्या टेबलाशी बसतात. पोलीस साध्या कपड्यांत येतात. मुलाचं नाव बाहेर काढायचं नाही, अशी सक्त ताकीद. मला इथे आवडणार, असं वाटतंय.

७ फेब्रुवारी

पहिलंच प्रकरण आणि तेही जड. मुलगा सतरा वर्षांचा. त्यांच्याच वस्तीत शिवणकाम करून एकटी राहणाऱ्या एका बाईवर बलात्कार झाला. वीज गेलेली होती, तिला चेहरा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी या मुलाने स्वतःहून चौकीत जाऊन कबुली दिली.

आता त्याला मूल समजून इथेच ठेवायचं की मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचं, ते ठरायचंय. इथे राहिला तर काही वर्षं सुधारगृह. तिकडे गेला तर जन्मठेपही होऊ शकते. माझा अहवाल त्यासाठीच हवाय.

मुलाला वडील नाहीत. आई आणि तो काकांच्या घरात राहतात. काका मात्र देवमाणूस वाटले. प्रत्येक तारखेला हजर, सगळ्यांशी अदबीने बोलणं. पुतण्याचा जन्मदाखला प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात बाळगतात. मला म्हणाले, पोरगं अजान आहे मॅडम, कायदा लहानांना सांभाळून घेतोच ना?

११ फेब्रुवारी

मुलाला ठेवलंय तिथे जाऊन त्याच्याशी बोलले. तो सगळं धडाधडा सांगतो, पण अगदी त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. मध्ये अडवलं की गाडी पुन्हा पहिल्यापासून. कविता पाठ केल्यासारखा.

मी त्या बाईची खोली आधी पाहून आले होते. रस्त्याच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी मुद्दाम विचारलं, तिच्या खोलीत शिरायला पायऱ्या चढताना कुणी पाहिलं का तुला? तो म्हणाला, नाही, चढताना कुणीच नव्हतं.

दारात काका उभे होते. ते हसून म्हणाले, "उतरताना म्हणायचंय त्याला. घाबरलाय हो."

मुलाने ओठ घट्ट मिटले.

१२ फेब्रुवारी

काका वस्तीतलेच, त्यांना तिथल्या पायऱ्या माहीत असणारच, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग मुलाला का माहीत नाहीत?

१५ फेब्रुवारी

आज काकांना बाहेर थांबायला लावलं. वाईट वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही, फक्त माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मुलगा एकच गोष्ट विचारत राहिला. आई मामाकडे गेली का? अजून नाही म्हटल्यावर रडायला लागला. मी म्हटलं, काका आहेत की तिच्याबरोबर. त्याने असं काही पाहिलं माझ्याकडे की—

हळूच म्हणाला, "ते म्हणाले, तू लहान आहेस, लवकर सुटशील. मी मोठा, मी नाही सुटणार. आणि मी अडकलो तर तुझ्या आईला आधी बघून घेईन."

१७ फेब्रुवारी

न्यायाधीशबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, कबुली आहे म्हणून मी डोळे मिटून घेणार नाही, पण मुलाला हे माझ्यासमोर सांगू दे. पुढची तारीख वीसची. काकांना त्या दिवशी आत घेणार नाहीत. तोवर कुठे वाच्यता करू नका, असं बजावलं.

आईला तिथून काढायला हवं. पण आज तिला गाठलं तर म्हणाली, दिरांनीच तर पोसलं आम्हाला. आणि सारखी मागे वळून पाहत होती. मी फक्त एवढंच म्हटलं, काही लागलं तर माझ्याकडे या, केव्हाही. पत्ता दिला.

पत्ता द्यायला नको होता का?

१८ फेब्रुवारी

भाजी घेताना काका शेजारी उभे. पिशवी धरू का मॅडम, म्हणाले. तुमच्या घरमालकीणबाई फार भोळ्या आहेत, असंही म्हणाले.

मी त्यांना घर कधी सांगितलं?

घरमालकीणबाईंना विचारलं. हो, एक सज्जन माणूस येऊन गेला म्हणे. तुमची फार स्तुती करत होता.

१९ फेब्रुवारी, सकाळ

ती शिवणकाम करणारी बाई आवाज ओळखण्यासाठी आज कोर्ट उघडताच आली होती. पडद्याआडून तिने मुलाचा आवाज ऐकला. हा नाही, म्हणाली. याचा आवाज कोवळा आहे. खात्री आहे का, असं मी विचारत होते, तेवढ्यात बाहेरून काका कुणाला तरी म्हणाले, "पाणी मिळेल का जरा?"

तिने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठलेत.

बाहेर आले तेव्हा काका दाराला अगदी लागून उभे होते. हसत नव्हते.

१९, दुपार

न्यायाधीशबाईंना फोन केला. त्या पोलिसांना वस्तीत पाठवताहेत. मला म्हणाल्या, घरातच थांबा, कुणाला दार उघडू नका.

घरमालकीणबाई लेकीकडे गेल्यात. चौकीचा फोन आला— काकांच्या घराला कुलूप आहे. काका नाहीत. आईही नाही.

दार वाजतंय.

आई आहे. मुलाची आई. म्हणतेय, ताई, उघडा ना, मी एकटीच आलेय.

विचारलं, दीर कुठे आहेत? म्हणाली, गावी गेले. लगेच म्हणाली. धडाधडा. मुलासारखंच.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमाने—

चौकीला फोन लावलाय, वाजतोय, कुणी उचलत—

ती रडतेय. ताई, उघडा, नाहीतर मला—

तिचं तोंड कुणीतरी दाबलं. मी ऐकलं. तिला तसंच बाहेर ठेवून मी इथे आत— नाही. कडी काढते आहे, हातात बत्ता आहे, ओरडत—