मर्ल ओरडत नाही

४ एप्रिल
कोयोट! लांडग्याचं ते धाकटं भावंड, भर दुपारी शेजारच्या कॉनीच्या अंगणात, तिच्या वीतभर कुत्र्याकडे टक लावून बसलेलं. टूसॉनसारख्या वाळवंटी शहरात राहायचं म्हणजे हे आलंच. संध्याकाळी वस्तीची बैठक. वन्यजीव खात्याचा माणूस म्हणाला, दिसलं की हात वर करा, ओरडा, भांडी बडवा. त्याला माणसाचा धाक बसला पाहिजे. नाही बसला तर सापळा, आणि मग गोळी.
आमच्या मर्लने हळूच विचारलं, "ओरडायलाच हवं का?"
चाळीस वर्षांचा संसार, पण या माणसाने कुत्र्याला कधी हाड म्हटलेलं नाही!

६ एप्रिल
ओरडायचा सराव. कॉनी अशी किंचाळली की माझ्याच हातातलं पातेलं पडलं. मग मर्लची पाळी. हात जेमतेम कानापर्यंत, आणि म्हणतो काय — "जा हं आता." सगळे हसले, सगळ्यांत जास्त मी. जेवताना त्याची नक्कलही करून दाखवली. तोही हसला. हसतोच तो.

११ एप्रिल
गल्लीत नुसता पातेल्यांचा दणदणाट. कोयोट कुणाच्याच दारात टिकत नाही. शाबास आम्ही!

१५ एप्रिल
शाबास कसली! ते रोज आमच्याच परसात येतंय. मर्ल टोमॅटोला पाणी घालतो आणि ते निवडुंगाच्या सावलीत खुशाल पसरलेलं. मी पातेलं घेऊन धावले की पळतं. मर्लकडे मात्र ढुंकून बघत नाही. हा काही करणार नाही — बरोबर ओळखलंय मेल्याने. कॉनीला म्हटलं, माझ्या नवऱ्याला बघून उंदीरसुद्धा खुर्ची ओढून बसेल. "लॉरेटा, तू पण ना!" म्हणत ती खिदळली. मर्ल तिथेच होता.

१९ एप्रिल
खात्याचा माणूस पुन्हा येऊन गेला. एका जरी घरात धाक नसला तरी ते जाणार नाही म्हणे. परवा सापळा लावणार. मर्लचं तोंड उतरलं. जेवला नाही. त्याला त्या जनावराचा लळा लागलाय, आणि ते मरणार याच्याच मवाळपणामुळे. मला फार वाईट वाटलं, अगदी खरं. पण माझी जीभ कुठे गप्प बसते! म्हटलं, "अरे, ज्याचा राग येतो असं कुणीतरी डोळ्यांपुढे आण आणि ओरड. का तेही मीच करू?"
तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "बघतो."

२० एप्रिल
सकाळी मर्ल ओरडला. कोयोट भिंतीवरून उडी मारून जे पळालं ते थेट टेकडीपलीकडे. वाचलं बिचारं. कॉनी टाळ्या वाजवत होती.
काय ओरडला ते लिहायला हात धजत नाही.
"लॉरेटा, पुरे! पुरे झालं आता!"
मग आत आला आणि रोजच्यासारखी माझी कॉफी ओतून दिली.